चिनी ‘मार्ग’ आणि आपले नित्याचे जीवन

चीन देश नकाशात आपला शेजारी आहे. परंतु आपल्या विचारांत तो फार दूर राहिला आहे. इंग्लंडच्या राजांची नावे मुखोद्गत सांगणारे विद्यार्थी पुष्कळ सापडतात, पण लाओत्से हे माणसाचे नाव की गावाचे, असे विचारल्यास तेच विद्यार्थी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. अलीकडे मात्र एक चिनी शब्द आपणहून आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. तो शब्द ‘ताइची’. पुण्यामुंबईस नोकरीस असलेले मुलगे सुट्टीत घरी आले म्हणजे वृद्ध आईबापांस हा व्यायाम करण्यास सांगतात. मोबाइलच्या पडद्यावर तर पाण्यात चालल्यासारखे मंद हातवारे करणारी माणसे कोणासही दिसतात. यावरून काही पालकांनी आम्हांस दोन प्रश्न विचारले. हा व्यायाम आहे की कोण्या परक्या देवाची उपासना? आणि याने रोग बरे होतात म्हणून सांगतात ते खरे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे मात्र ज्या विचारातून ही विद्या निघाली त्याच्या मुळाशी गेल्यावाचून देता येत नाहीत.

आरंभ आपण आपल्याच घरातून करू. ह्युएनत्संग हा चिनी प्रवासी इसवी सन ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता, हे इतिहासाच्या पुस्तकात सर्वांनी वाचले आहे. येथील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने आपल्या पूर्वजांचे वर्णन करून ठेविले. परंतु हाच ह्युएनत्संग स्वदेशी परतल्यावर त्याच्यावर जे एक काम पडले ते आपल्या पुस्तकांत येत नाही. कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामच्या, राजाने लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात मागितला, आणि सम्राटाने भाषांतराचे काम ह्युएनत्संगाकडे दिले. त्याच्या मदतीस ताओपंथी विद्वान नेमले होते. पहिल्याच शब्दावर तंटा लागला. ‘ताओ’ या शब्दास संस्कृतात काय म्हणावे? ताओपंथी म्हणत, ‘बोधि’ म्हणावे. ह्युएनत्संग म्हणे, नाही, ‘मार्ग’ म्हणावे. अखेर त्याचेच म्हणणे टिकले. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. परंतु ज्या माणसाने आपला देश पायांखाली घातला होता, त्याने या शब्दासाठी पायांखालच्याच वस्तूचे नाव निवडले, हे आम्हांस फार मार्मिक वाटते.

ख्रिस्ती वाचकांस याहून नवलाची वाटेल अशी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आजही चिनी मंडळ्यांत सर्वत्र वाचल्या जाणाऱ्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच वचनात, जेथे आपल्या मराठी शास्त्रात ‘शब्द’ हे पद आहे, तेथे चिनी भाषांतरात ‘ताओ’ हे पद आहे. चिनी भाषेत ताओ म्हणजे मार्गही होतो आणि बोलणेही होतो. लाओत्सेच्या ग्रंथाचे एक प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर जेम्स लेग यांनी १८९१ साली केले, आणि तेही लंडन मिशनचे मिशनरी होते. तेव्हा हा शब्द कानी पडताच दचकण्याचे कारण नाही.

हा ग्रंथ, ‘ताओ ते चिंग’, अगदी लहान आहे. एक्याऐंशी प्रकरणे आणि सुमारे पाच हजार चिनी अक्षरे. एका पातळ वहीत सहज मावेल. लाओत्से हे नाव नसून ‘वृद्ध गुरू’ अशा अर्थाचे संबोधन आहे, आणि असा एकच पुरुष होऊन गेला की अनेकांची वचने एकत्र झाली, याविषयी विद्वानांचे एकमत नाही. १९९३ साली चीनमध्ये ग्वोद्यान येथील एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली यातील काही वचने सापडली. त्या पट्ट्या इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराच्या आहेत.

या ग्रंथातील मुख्य शब्द ‘वू-वेइ’ असा आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘न करणे’. विद्यार्थ्यांस हा शब्द फारच आवडेल अशी आम्हांस भीती वाटते. म्हणून लगेच सांगितले पाहिजे की याचा अर्थ हातपाय जोडून बसणे असा नव्हे. वस्तूच्या स्वभावाविरुद्ध न झगडता काम करणे, असा त्याचा भाव आहे. ताओपंथाचा दुसरा मोठा लेखक च्वांगत्से याने हे एका खाटकाच्या गोष्टीतून समजाविले आहे. सामान्य खाटीक दर महिन्यास सुरी बदलतो, कारण तो हाडावर घाव घालतो. चांगला खाटीक वर्षास एक सुरी बदलतो. परंतु राजाच्या पदरच्या त्या खाटकाची सुरी एकोणीस वर्षे झाली तरी नुकतीच धार लाविल्यासारखी होती. कारण सांध्यांमध्ये मुळातच जी फट असते, तीतून तो सुरी नेत असे. यात आळस कोठेच नाही. एकोणीस वर्षांची नजर आणि हात आहे.

आपल्याकडे हे तत्त्व च्वांगत्सेच्या पुस्तकावाचून आपल्या आजीबाईंस ठाऊक होते. जाती आता बहुतेक घरांत कोपऱ्यास लागली आहेत आणि लग्नाच्या हळदीपुरती बाहेर निघतात. तरी ज्यांनी दळणारी बाई पाहिली असेल त्यांनी आठवावे. नवखी मुलगी खुंटा घट्ट आवळून मनगटाच्या जोराने जाते ओढते, आणि पायलीभर दळण होण्याआधीच तिच्या खांद्यास कळा लागतात. जुनी बाई खुंटा सैल धरते, कंबरेपासून पुढेमागे झुलते, आणि एकदा फिरू लागलेला दगड आपल्याच वेगाने पुढे जातो; तिने फक्त योग्य क्षणी हात लावावयाचा. दोघींच्या जात्याचे वजन एकच. फरक झगडण्याचा. कुस्तीच्या फडातही उस्ताद हेच सांगतो: समोरचा रेटतो आहे तर त्याला रेटू दे, आणि त्याचाच जोर त्याच्यावर उलटव.

परीक्षेच्या महिन्यात आमच्या काही विद्यार्थ्यांचा अभ्यास त्या नवख्या मुलीच्या दळणासारखा चालतो. दात आवळलेले, खांदे कानाला टेकलेले, रात्री एकपर्यंत दिवा, आणि सकाळी काल वाचलेले पान कोरे! पालकांचीही यात थोडी कामगिरी असते. रोपे लवकर वाढावीत म्हणून एक शेतकरी शेतात जाऊन प्रत्येक रोप वर ओढून आला, आणि दुसऱ्या दिवशी सगळे शेत सुकून गेले, अशी एक चिनी गोष्ट आहे. ती मेंशियस या दुसऱ्या पंथाच्या पंडिताची आहे, ताओपंथाची नव्हे. परंतु लाओत्सेने ती आनंदाने आपली म्हटली असती.

आता ताइचीकडे वळू. या विद्येचे पूर्ण नाव ‘ताइ-ची-च्वान’. च्वान म्हणजे मूठ, अर्थात् मुष्टियुद्ध. म्हणजे हा मूळचा लढण्याचा प्रकार आहे. हेनान प्रांतातील चेन कुळाच्या गावात सतराव्या शतकात तो आकारास आला असे समजतात. त्या गावी शिकलेला यांग लूचान (१७९९–१८७२) याने तो पेकिंगमध्ये नेला, आणि त्याचा नातू यांग चंगफू (१८८३–१९३६) याने सर्व हालचाली संथ व सारख्या गतीच्या करून तो सामान्य माणसांच्या आटोक्यात आणिला. १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडाखात्याने चोवीस हालचालींचा एक सोपा क्रम ठरविला. उद्यानांतून सकाळी करितात तो बहुधा हाच. २०२० साली युनेस्कोने या विद्येस मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण पुष्कळ शिकलेली माणसेही त्यात सापडतात. ताइचीतील ‘ची’ आणि जिला शक्ती, प्राण किंवा ऊर्जा म्हणतात ती ‘ची’, हे चिनी भाषेत दोन निरनिराळे शब्द आहेत. (मराठीत तर षष्ठीचा प्रत्ययही ‘ची’ असल्याने घोटाळ्यास तिसरा भिडू मिळतो!) ताइचीतील ‘ची’चा मूळ अर्थ घराचे आढे, छपराचे सर्वांत उंच लाकूड, ज्यावर दोन्हीकडची पाखे टेकतात. म्हणून ताइची म्हणजे महान् आढे: ज्याच्या एका बाजूस ऊन आणि दुसऱ्या बाजूस सावली, आणि तरी जे दोहोंस धरून ठेविते ते. दुसऱ्या ‘ची’चा मूळ अर्थ वाफ, हवा, श्वास. आपल्या ‘प्राण’ शब्दासारखा तो शब्द हवेपासून आरंभ करून हळूहळू जिवाच्या सर्व शक्तीपर्यंत पसरला.

व्यायाम म्हणून यात काय करितात? पाय खांद्यांइतके अंतरावर, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ पण ताठ नव्हे, श्वास पोटापर्यंत. मग शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर इतका सावकाश न्यावयाचा, की जणू एका घागरीतले पाणी दुसऱ्या घागरीत ओतीत आहोत. ज्यात पाणी आहे तो ‘भरलेला’ पाय, दुसरा ‘रिकामा’. हे शब्द त्यांचेच आहेत. रिकामाच पाय उचलावयाचा. ऐकण्यास हे पोरखेळासारखे वाटते. परंतु साठी उलटलेल्या माणसाने एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहून पाहावे, म्हणजे यात काय अवघड आहे ते कळेल. करून पाहावयाचे असल्यास भिंतीजवळ अथवा खुर्चीच्या पाठीस हात पोहोचेल असे उभे राहावे, अनवाणी अथवा सपाट जोड्यांनी करावे, आणि गुडघा दुखू लागल्यास तेथेच थांबावे. म्हातारपणी पडणे ही लहान गोष्ट नव्हे. खुब्याचे हाड मोडून अंथरुणास खिळलेली वृद्ध माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. अमेरिकेत ऑरेगन प्रांतात, पडण्याचा धोका असलेल्या सत्तरीपुढील ६७० माणसांवर केलेली एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत केवळ अंग ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताइची करणाऱ्यांत पडण्याचे प्रसंग ५८ टक्क्यांनी कमी आढळले. कंपवाताच्या १९५ रोग्यांवरील २०१२ च्या पाहणीतही त्यांचा तोल सुधारल्याचे दिसले. येथपर्यंत आम्ही निःशंकपणे सांगतो.

यापुढे मात्र सावधगिरी हवी. ‘ची’ ही एक अदृश्य शक्ती आहे, ती आम्ही हात न लावता तुमच्या देहात सोडतो, आणि तिने मधुमेह, क्षय, कर्करोग सर्व बरे होतात, असे सांगून पैसे घेणारे लोक निघाले आहेत. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशा एका वर्गाच्या नादाने मधुमेहाचे औषध सोडले. चार महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि अंगठा कापावा लागला. क्षयाचे औषध मध्येच सोडले तर रोग परत उलटतो, आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. त्याचा उपद्रव घरच्या लेकरांसही पोहोचतो. चीनच्या इतिहासाचीच साक्ष द्यावयाची, तर ताओपंथाच्या उत्तरकाळात अमरत्वाच्या गोळ्या करण्याचे वेड फार वाढले, आणि तांग घराण्यातील एकाहून अधिक सम्राट पारा व हिंगूळ घातलेल्या त्या गोळ्या खाऊन मेले. श्वासाचा व्यायाम खोटा नाही. त्याच्या नावाने होणारे दावे तपासले पाहिजेत. आपल्याच प्रांतात लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगाच्या क्रिया क्षकिरणांनी व मापनाच्या यंत्रांनी तपासण्यास आरंभ केला, तो याच सरळ बुद्धीने. ‘ची’ वाहते असे म्हणून अंगाची जी ऊब, मुंग्या, हलकेपणा सांगतात, तो अनुभव खरा आहे. सैल सोडलेल्या स्नायूंतून रक्त मोकळे वाहिले, श्वास खोल झाला, म्हणजे तसे वाटतेच. त्यासाठी निराळी शक्ती मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आणि उपासनेचा प्रश्न? ताओपंथाचा पुढे धर्म झाला. त्यात देव आले, ताईत आले, मंत्र आले, पुरोहित आले. ते ज्याचे त्याने पाहावे. परंतु गुडघे सैल सोडून उभे राहण्यात कोणासही नमस्कार घडत नाही. जो शिक्षक व्यायामाबरोबर ताईत विकील त्याच्याकडे जाऊ नये, इतके पुरे.

लाओत्सेने हे सर्व शिकविले ते मात्र व्यायामाच्या रूपाने नव्हे. त्याचा आवडता गुरू पाणी. पाणी सर्वांत मऊ, ते खालची जागा पसंत करिते, कोणाशी भांडत नाही, आणि तरी खडक झिजवते, असे तो पुनःपुन्हा सांगतो. चीनमध्ये हा नुसता दृष्टांत राहिला नाही. सिचुआन प्रांतात मिन नदीवर इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास ली बिंग या अधिकाऱ्याने दूज्यांगयान येथे पाटबंधारे बांधले. त्यात नदी अडविणारी भिंत नाही. बांबूच्या टोपल्यांत दगड भरून नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा एक बांध केला. त्याने नदीचे दोन भाग होतात, पुराचे पाणी बाहेरच्या अंगास जाते आणि शेतीचे आतल्या. ली बिंग ताओपंथी होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु जवळचा चिंगचंग पर्वत ताओपंथाचे मोठे ठाणे आहे, आणि २००० साली युनेस्कोने पर्वत व पाटबंधारे ही दोन्ही मिळून एकच जागतिक वारसास्थळ ठरविले. सव्वादोन हजार वर्षांनंतर ते पाट आजही शेते भिजवितात.

आपल्या जिल्ह्यात मिन नदीएवढे पाणी कोठून यावे! तरी नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे जे झाले ते याच जातीचे आहे. वर्षास सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, डोंगर उघडे, पडलेले पाणी माती घेऊन धावत जाई आणि माणसे पोट घेऊन शहराकडे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पाण्यासाठी जमिनीशी झगडावयाचे म्हटले म्हणजे विंधनविहिरी एकीहून एक खोल नेत जाणे हाच मार्ग उरतो, आणि शेजाऱ्याची विहीर आटते. हिवरे बाजारने शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास बंदी केली. डोंगराच्या उतारावर सलग समतल चर खणले, नाल्यांवर बांध घातले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली. म्हणजे धावणाऱ्या पाण्याची वाट न अडविता त्याची चाल तेवढी मंद केली. मग ते आपल्या स्वभावाने जमिनीत मुरले. उसासारखी तहानलेली पिके वर्ज्य केली, आणि पावसाचे माप घेऊन कोणते पीक घ्यावयाचे ते गाव मिळून ठरवू लागले. पुढे शहरात गेलेली कुटुंबे परत आली. पवारांस २०२० साली पद्मश्री मिळाली. तेथे लाओत्सेचे नाव कोणी घेतले नसेल. जमिनीच्या उताराचे मात्र त्यांनी ऐकले.

पाण्यानंतर माणसे. उत्तम नायक कोणता, याविषयी लाओत्सेचे मत असे की, ज्याचे अस्तित्व लोकांस जेमतेम जाणवते, आणि काम तडीस गेल्यावर लोक म्हणतात की हे आम्हीच केले, तो. हे वाचताना आमच्यासमोर जामखेड उभे राहते. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून व पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० साली जामखेडास आले. त्यांच्याजवळ पदव्या होत्या, औषधे होती. मोठे रुग्णालय बांधून त्यात बसणे सोपे होते. त्यांनी निराळेच केले. प्रत्येक गावास आपल्यातील एक बाई निवडण्यास सांगितले आणि तिला आरोग्याचे ज्ञान दिले. यांतील अनेक स्त्रिया निरक्षर होत्या, पुष्कळ तर अस्पृश्य मानलेल्या जातींतील होत्या. त्यांनी बाळंतपणे सुखरूप केली, पाणी शुद्ध ठेवण्यास शिकविले, जुलाब झालेल्या मुलास काय पाजावे ते आयांस सांगितले. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांमागे १७६ वर्षाच्या आत दगावत. पुढील दोन दशकांत हा आकडा विसाच्या आसपास आला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई १९९९ साली व डॉक्टर २०११ साली निवर्तले; गावोगावच्या त्या बाया आपले काम आपलेच म्हणून करीत राहिल्या.

लाओत्सेची इतकी स्तुती केल्यावर त्याच्याशी आमचे भांडण कोठे आहे तेही लिहिले पाहिजे. तो म्हणतो, लोकांची पोटे भरावीत आणि मने रिकामी ठेवावीत. फार ज्ञान झालेली प्रजा राखण्यास कठीण. त्याच्या ग्रंथाच्या शेवटाकडे एका सुखी गावाचे चित्र आहे: शेजारच्या गावची कुत्री भुंकलेली व कोंबडी आरवलेली ऐकू येतात, पण तेथील माणसे म्हातारी होऊन मरतात तरी एकमेकांकडे जात नाहीत. चित्र रम्य आहे. परंतु ज्या नगरात मिस् सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्यास परतले व १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढिली, त्या नगरातील शिक्षकास ते पान मान्य करिता येत नाही. जामखेडच्या बायांनीही ते मानले नाही. घरचा विरोध पत्करून त्या दर आठवड्यास आपल्या गावची वेस ओलांडून केंद्रावर जात, दुसऱ्या गावच्या बायांशेजारी बसून शिकत, आणि शिकलेले पदरात बांधून परत येत.